चाकामागे राहिलेला दगड

मी एक जुना दगड आहे, आणि मित्रांनो, माझं डोकं फिरलंय. दगडाला कसला आलाय राग, असं म्हणू नका. आधी ऐका.

कांदिवलीच्या खाणीत सुरुंग लावून मला डोंगरातून फोडलं. माझे भाऊबंद खडी होऊन डांबराखाली गेले. मी वाचलो तो भांडुपच्या काशीराम टेंपोवाल्यामुळे. खडी भरायला आला होता. मला उलटापालटा करून म्हणाला, "ह्येची एक बाजू सपाट आसा. चाकाखाली बरो बसतलो."

अकरा वर्षं मी त्याच्या टेंपोत राहिलो. पंक्चर झालं की काशीराम गाडी पार कडेला, सपाट जागी घ्यायचा, हँडब्रेक ओढायचा आणि मला चाकामागे ठेवायचा. "आधी दगड, मगे जॅक." गाडी उचलण्याआधीच नट सैल करून घ्यायचा. स्टेपनी चढवून नट आवळले की मोठ्याने मोजायचा: जॅक, पाना, दगड. तिघं आत आल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. दसऱ्याला त्याची बायको सुलक्षणा जॅक-पान्याबरोबर मलाही झेंडूचं फूल वाहायची. मी भाव खायचो तेव्हा.

पुढे काशीरामचे गुडघे गेले आणि टेंपो भाचा जयवंत चालवू लागला. शहाऐंशी सालच्या मार्चमध्ये पवईच्या चढावर मागचं चाक बसलं. पन्नास पावलांवर सपाट जागा होती, पण आमच्या जयवंतसाहेबांना घाई. टेंपो रस्त्यातच उभा केला. चढ होता म्हणून नाइलाजाने मला चाकामागे लावलं. चाक बदललं, जॅक टाकला, पाना टाकला, आणि गाडी पुढे निघून गेली. मी मागेच, भर रस्त्यात. अरे, एकदा मागे वळून बघायला काय जात होतं तुझं?

दोन बस माझ्या दोन्ही अंगांनी गेल्या. मला हलता येत नव्हतं, ओरडता येत नव्हतं. मग एका ट्रकच्या मागून हिरवी स्कूटर आली. ट्रक माझ्यावरून पार झाला, स्कूटर माझ्यावर आदळली. चालवणारे विद्याधर खरचटण्यावर सुटले. मागे बसलेल्या त्यांच्या बायकोच्या, वसुधाबाईंच्या मांडीचं हाड मोडलं. लोकांनी त्यांना टॅक्सीत घातलं आणि मला लाथेने कडेला ढकललं.

तासाभरात टेंपो परत आला, जयवंतबरोबर काशीरामही. घरी काशीरामने मोजायला घेतलं होतं, आणि दोनच निघाले. माझ्यावरचा हिरवा रंग त्याने बोटाने पुसून पाहिला. रस्त्याकडेच्या शहाळेवाल्याने काय झालं आणि त्यांना कुठल्या हॉस्पिटलात नेलं ते सांगितलं.

"मामा, मी मुद्दाम नाही केलं," जयवंत म्हणाला.

"मुद्दाम कोण म्हणता? उचल तेका. हॉस्पिटलात तेंच्यापुढे घेवन चल."

हॉस्पिटलच्या बाकावर विद्याधर बसले होते. जयवंत मला दोन्ही हातांत धरून समोर उभा राहिला आणि खाली मान घालून सगळं बोलला. मला वाटलं, आता हे मला त्याच्याच डोक्यात घालतील. घातलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं.

विद्याधरांनी मान वर करून मला पाहिलं. मग म्हणाले, "मी मघापासून स्वतःलाच शिव्या देतोय रे. मला दिसला कसा नाही म्हणून."

जयवंत रडला. माझा राग मात्र अजून गेलेला नाही.

मित्रांनो, चाक बदलून झालं की मोजा. मोठ्याने मोजा. तुमचा दगड तुम्हीच उचला, मागून येणाऱ्याला तो तुमचा आहे हे माहीत नसतं.