मला आकसता येईना

मित्रांनो, काचेच्या बशीत तळाला चिकटलेलं सुतळीच्या तुसासारखं काही दिसतंय ना, तो मी. हायड्रा, गोड्या पाण्यातला एक इवला जीव. किती जुना आहे ते मलाच ठाऊक नाही, कारण आमच्या अंगातल्या जुन्या पेशी गळत राहतात आणि नव्या येत राहतात, म्हातारपण असं येतच नाही. माझी कहाणी सांगतो, पण ती गोड नाही.

आईच्या कुशीला एक फुगवटा आला, तो मी. तुमच्या पुस्तकात त्याला मुकुल म्हणतात. तोंडाभोवती शुंडकं, म्हणजे शिकार धरायचे बारीक हात, फुटली, सुटा झालो, आणि जन्मल्यावर पहिलं काम शिकलो ते भिण्याचं. बशीला जरा धक्का लागला की आकसून गोळी व्हायचं. भित्रा म्हणा हवं तर. माझं सगळं कूळ असंच भिऊन जगलं आहे. हे आकसणं चेतापेशींच्या जोरावर चालायचं, आणि त्या चेतापेशी नव्यानं घडवणाऱ्या मूलपेशी माझ्या अंगभर विखुरलेल्या होत्या. तेवढीच माझी मिळकत.

प्रयोगशाळेच्या या खोलीत एक संशोधक बाई आहे. तिला सगळे ताई म्हणतात. मूलपेशी काढून घेतल्या तर जीव कसा जगतो आणि दुसऱ्याच्या दिल्या तर गेलेलं परत येतं का, हा तिचा प्रश्न. प्रश्न चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण उत्तर शोधायचं ते माझ्या अंगात, आणि मला कुणी विचारलं नाही. आम्हा काही जणांना औषधाच्या पाण्यात टाकलं. मूलपेशी मेल्या. जुन्या चेतापेशी टोकांकडे सरकत गळून गेल्या, नव्या आल्याच नाहीत. एक दिवस ड्रॉपरचं टोक अंगाला लागलं आणि मला आकसता येईना. ताई खूश होऊन म्हणाली, ढिम्म आहे बघा. भीती चेतापेशींत असते म्हणतात. असेल. मग तेव्हा मला जे होत होतं त्याला काय म्हणायचं, ते शहाण्यांनी ठरवावं.

आता शिकार धरता येईना, खाल्लेलं बाहेर टाकता येईना. नुसता फुगून बसायचो. ताई भिंगाखाली एकेकाचं तोंड उघडून कोळंबीची इवली पिल्लं भरवायची आणि दुसऱ्या दिवशी पोट धुऊन काढायची. आईसुद्धा कंटाळली असती, पण ती कंटाळली नाही. हे श्रेय तिचं तिला. माझी भीती एवढीच होती, की हा हात एक दिवस आला नाही तर?

आणि तो दिवस आला. ताईच्या आईचं ऑपरेशन निघालं. शेजारच्या खोलीत यीस्ट वाढवणारा एक जण आहे, ताई त्याला दादा म्हणते. तिनं काम त्याच्यावर सोपवलं.

"दादा, कोळंबी मिठाच्या पाण्यात उबवलेली असते. कापडावर गाळून, गोड्या पाण्यानं नीट धुऊन मगच भरव."

"अगं, अमर आहेत म्हणून जगाला सांगत फिरतेस ना? मग अमराला कसलं पथ्य? तू आईकडे बघ."

सगळे हसले. ताईपण हसली. मला मात्र त्या हसण्याचीच भीती वाटली. ज्याला अमर म्हटलं त्याची काळजी घ्यायची कुणाला गरज वाटत नाही.

पहिल्या दिवशी त्यानं कोळंबी धुतली. मग घाई झाली, आणि बरणीतलं खारं पाणी कोळंबीसकट थेट आमच्या बशीत आलं. चांगला हायड्रा निदान आकसून अंग चोरतो. आम्ही तसेच ताठ उभे. शेजाऱ्याची शुंडकं झडली, मग कातडी सुटत गेली, मग तिथं फक्त पांढरट गढूळपणा उरला. दादानं वरून डोकावून पाहिलं आणि फुगलेत मस्त, पोटं भरलीत, असं म्हणून झाकण लावलं.

ताई परतली. बशी उजेडात धरली आणि स्टुलावर बसूनच राहिली.

"दादा, धुतली नव्हतीस ना?"

तो पुटपुटला, थोड्या मिठानं काय होतंय असं वाटलं.

बशीत एकटा मी उरलो होतो, तोही अर्धामुर्धा. मी मेलो असतो तर तिची सगळी मेहनत पाण्यात गेली असती. तिनं पाणी बदललं, मला कमरेत कापलं, औषध न लागलेल्या दुसऱ्या धडधाकट हायड्राचा वरचा अर्धा भाग घेतला आणि दोघांना एका नायलॉनच्या दोऱ्यात ओवून एकमेकांना टेकवलं. आम्ही जुळलो. वरचं तोंड त्याचं, खालचं अंग माझं. आता बोलतोय कोण ते विचारू नका. त्याच्या मूलपेशी हळूहळू खाली माझ्यात उतरल्या आणि नव्या चेतापेशी घडवू लागल्या. मग एकदा ताईनं माझ्या बुडाशी ड्रॉपर टेकवला आणि मी आकसलो.

"दादा, इकडे ये. घाबरलं रे, घाबरलं," म्हणताना तिचे डोळे भरून आले. माझ्या भीतीनं एवढा आनंद कुणाला झाला नव्हता. तेव्हापासून दादा कोळंबी न सांगता दोनदा धुतो.

पण एकावरून काही सिद्ध होत नाही म्हणे. औषधाची नवी बशी तयार आहे. काल माझ्या कुशीतून एक लेक सुटी झाली. ताईनं तिला ड्रॉपरमध्ये ओढून घेतलं. ही ताजी आहे, हिला घेऊ, म्हणाली. मी आकसलो. कुणी पाहिलं नाही.

मित्रांनो, तिला परत आणा असं मी म्हणत नाही; माझं इथं कोण ऐकतंय? पण उद्या तुमच्यापैकी कुणाच्या हातात ती बशी आली, तर पाणी वेळेवर बदला, कोळंबी धुऊन घ्या, आणि हात हळू लावा. माझी लेक आकसणार नाही. म्हणून तिला भीती वाटत नाही, असं समजू नका.