गुरुवारचं कांडप

या, जरा पुढं सरकून बसा. बुवा अजून चहा घेताहेत, टाळ पिशवीतच आहेत. कीर्तन उभं राहीपर्यंत बावड्यातल्या दोन जावांची गोष्ट सांगून होईल.

कसबा बावड्यात चटणीच्या बाबतीत क्रांतीचा शब्द शेवटचा. ब्याडगी मिरची किती घ्यायची, संकेश्वरी किती, तीळ कितपत भाजायचे, हे विचारायला उन्हाळ्यात बायका तिच्या उंबऱ्यावर यायच्या. मग तिच्या धाकट्या जावेनं, तेजस्वीनं, बोरमाळ मोडली आणि समोरच्या पत्र्याच्या खोलीत चटणी कांडायचं यंत्र बसवलं. नवरा धैर्यशील शिरोलीत फौंड्रीत कामाला. सासरे म्हणाले, "बुडालं तर?"

"गळा रिकामा ऱ्हाईल मामंजी. हात तर कुठं जात न्हाईत की."

बुडालं नाही. बायका आता क्रांतीच्या दारावरून तशाच पुढं जाऊ लागल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं दिसायचं. भाकरी थापताना क्रांतीचा हात नकळत यंत्राच्या मुसळांच्या ठेक्यावर पडायचा. ध्यानात आलं की ती थापायचीच थांबायची.

तेजस्वीनं एक रीत घातली होती. गुरुवार माळकऱ्यांचा. गळ्यात तुळशीची माळ असलेली माणसं कांदा-लसूण शिवत नाहीत. म्हणून बुधवारी रात्री उखळ धुवायचं, खडेमीठ कांडून ते टाकून द्यायचं आणि गुरुवारी आत लसणाची पाकळीही न्यायची नाही. त्या एका शब्दावर आळीतली सगळी माळकरी घरं तिच्याकडं आली होती.

एका गुरुवारी पहाटे तेजस्वी डेअरीत दूध घालायला गेली. तेवढ्यात एक केटरिंगवाला दारात आला. घाईत होता. धैर्यशीलला वार काही आठवला नाही. त्यानं लसूण घातलेल्या चटणीचा एक घाणा कांडून दिला, उखळ फडक्यानं पुसलं आणि शिफ्टला पळाला.

क्रांतीनं खिडकीतून बघितलं. "भावजी" म्हणून हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

नंतर अंबूबाई, बायडाबाई अशा माळकरणी आल्या, मिरच्या कांडून घेऊन गेल्या. त्या खोलीच्या भिंतींनाच लसणाचा वास. उखळाचा वेगळा काय कळणार? क्रांती बघत राहिली. संध्याकाळी विठ्ठलाच्या देवळात कीर्तन होतं. सगळ्या माळकरणी तिथं असणार. साडीच्या निऱ्या घालताना तिनं वाक्य घोळवलं, 'अंबूबाई, तुमच्या चटणीत लसूण हाय.'

आरती झाली. क्रांती उठणार, एवढ्यात दारातून तेजस्वी आली. पदर खोचलेला, हात मिरचीनं लाल.

"थांबा जरा. आज माझ्याकडं कांडलेली चटणी कुणी खाऊ नका. सकाळी त्याच उखळात लसणाचा घाणा निघालाय. मालक आत्ता कामावरनं आल्यावर बोलले, तवा मला कळलं. पर यंत्र माझं हाय, चूक माझी हाय."

"अगं, मी दुपारी भाकरीसंगं खाल्ली की!" अंबूबाईंचा हात माळेवर गेला. "उभ्या जल्मात लसूण तोंडात घातला न्हवता!"

"आमच्या मिरच्या भरून दे," बायडाबाई कडाडल्या. "परत तुझ्या दारात येत न्हाय."

"देतो, मावशी. सगळ्यांच्या देतो."

बायडाबाई उठल्या. त्यांच्यामागं आणखी तिघीचौघी गेल्या. त्या परत कधी आल्या नाहीत.

अंबूबाई बसून होत्या. "गप बसली असतीस तर कुणाला कळलं असतं, पोरी? कुणी बघितलं हुतं?"

"कुणी न्हाय. आमच्या आक्का खिडकीतच असत्यात. त्यांच्या नजरंला पडलं असतं तर तिथनंच वरडल्या असत्या की."

सगळ्यांनी क्रांतीकडं वळून बघितलं. घोळवलेलं वाक्य आता बोलायची सोयच उरली नव्हती. बोरमाळ मोडणं तिलाही जमलं असतं. असं भर देवळात उभं राहणं जमलं नसतं, आणि हे तिला आतापर्यंतच्या सगळ्यापेक्षा जास्त झोंबलं. गिऱ्हाइकं तुटली ती तेजस्वीची. जळत होती ती क्रांती.

अंबूबाई म्हणाल्या, "मग असं करायचं. पुढच्या गुरुवारी परत कांड. पर उखळापाशी क्रांती बसंल. तिच्या नजरंखाली कांडलीस, तरच मी खाईन."

"आक्का, बसणार न्हवं?"

"बसतो की," क्रांती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

ती बसते. दर गुरुवारी पहाटे स्वतः उखळ धुते, मीठ कांडते, फेकते. उरलेल्या बायका पुन्हा तिला तिळाचं विचारतात, ती सांगतेही. खोलीच्या दारावरच्या पाटीवर नाव मात्र तेजस्वीचं. तिकडं नजर गेली की ती अजून मान फिरवते. त्या पहाटेचं तिनं अजून सांगितलेलं नाही. सांगायला जीभ उचलते, तेवढ्यात तेजस्वी चहाचा कप पुढं करते. "घ्या आक्का, तुम्ही हायसा म्हणून मला घोर न्हाय."

बुवा आले बघा. आज विठ्ठलापुढं हात जोडाल तेव्हा त्या क्रांतीची आठवण असू द्या. एखाद्या गुरुवारी, मुसळं थांबलेली असताना, तिला तोंड उघडता येऊ दे, एवढं तिच्यासाठी मागा.