भेगेचा फोटो

वैजनाथराव सहसा जिना चढून वर येत नसत. धाकट्या भावाच्या बायकोनं गच्चीवरच्या खोलीत फोटोग्राफीचा क्लास काढला, तेव्हापासून तर त्यांनी तिकडं बघणंच सोडलं होतं. "एम.एस्सी. फिजिक्स केलं आणि बटणं दाबायला शिकवते," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. त्या रविवारी मात्र ते क्लास चालू असतानाच दारात येऊन उभे राहिले.

टेबलावर ताटात ज्वारीची भाकरी होती आणि चारपाच जण तिच्याभोवती कॅमेरे घेऊन वाकले होते.

"समोरून उजेड टाकला की वस्तू सपाट दिसते," वैदेही सांगत होती. "भाकरीचे पापुद्रे दिसायला हवेत ना? मग फ्लॅश बंद करा आणि खिडकीचा उजेड बाजूनं येऊ द्या. जितका तिरका उजेड, तितकी सावली लांब. सावलीमुळंच खोली कळते."

"भाकरी खायची असते एवढं तरी शिकवतेस का?" वैजनाथराव म्हणाले. कुणीतरी हसलं. "खाली ये. काम आहे."

काम काय, ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता. हर्सूलच्या पुढं जिथं काल-परवापर्यंत कपाशी होती, तिथं आता ओळीनं घरं उभी होती आणि घराघरात बोअर होता. नळाला आठवड्यानं पाणी यायचं, तेही मध्यरात्री. मार्चमध्ये शेजारच्या मनकर्णाबाईंनी कुंपणाला लागूनच नवा बोअर घेतला. फुलंब्रीकडची शेती मुलावर सोपवून आलेली ही बाई. तिनं तीन मजले चढवून खोल्या भाड्यानं दिल्या होत्या. तिच्या बोअरला पाणी लागलं आणि त्याच सुमाराला वैजनाथरावांच्या जुन्या बोअरमधून नुसती हवा यायला लागली. मग वैजनाथरावांना दिवाणखान्याच्या भिंतीवरची भेग दिसली. बोअरच्या हादऱ्यानं घराला तडा गेला, बोअर बंद करा, असा अर्ज त्यांनी वॉर्ड ऑफिसात ठोकून दिला. गुरुवारी पाहणी होती.

"मी काढलेले फोटो वॉर्ड ऑफिसच्या साहेबांनी परत दिले," ते मोबाइल पुढं करत म्हणाले. "म्हणे, काहीच दिसत नाही. भेग ठसठशीत आली पाहिजे. जमत असेल तर सांग. नाहीतर ती वरची खोली मला सामान ठेवायला लागणारच आहे."

वैदेहीनं फोटो पाहिले. सगळे फ्लॅश मारून काढलेले, हात हललेले, कुठून काढले ते कळू नये असे. "जमेल," ती म्हणाली.

तिनं ट्यूबलाइट बंद केली, पडदे ओढले. कॅमेरा तिकाटण्यावर चढवून भिंतीला समांतर केला, म्हणजे रेषा तिरप्या पळणार नाहीत. माप कळावं म्हणून भेगेशेजारी पट्टी चिकटवली. बटण दाबतानाचा धक्काही लागू नये म्हणून टायमर लावला. मग टॉर्च जवळजवळ भिंतीला टेकवून आडवी धरली. इतके दिवस केसाएवढी वाटणारी भेग स्विचबोर्डापासून छतापर्यंत आटलेल्या ओढ्यासारखी उघडी पडली.

"वा!" वैजनाथराव पहिल्यांदाच तिच्या कामावर खूश झाले. "आता बघतो तिच्याकडं."

वैदेही कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून पाहत होती. पाहता पाहता तिचं बोट थांबलं.

"भाऊजी, भेगेच्या आत गुलाबी रंग आहे."

"मग?"

"मी लग्न होऊन आले तेव्हा ही भिंत गुलाबी होती. मोतिया रंग नंतर दिला. ही भेग नवी असती तर आत कोरा गिलावा दिसला असता, कडा धारदार असत्या. इथं रंग आत उतरलाय. बोअर तर मार्चमधला आहे."

"तुला फोटो काढायला सांगितलं होतं, पोस्टमॉर्टेम नाही."

"पण दिसतंय ते..."

"लांबून काढ."

"लांबून भेग दिसेल, आतला रंग दिसणार नाही."

"मग मी दुसरं काय सांगतोय?"

तिचा नवरा मिहिर सोफ्यावर बसून हे पाहत होता. "काढ ना लांबून एक," तो म्हणाला. "त्यात खोटं काय आहे? भेग तर आहेच."

वैदेही कॅमेऱ्याकडं वळली. कुठं उभं राहायचं, काय चौकटीत घ्यायचं आणि काय वगळायचं, हेच तर ती दर रविवारी शिकवत होती. तिनं लांबूनही फोटो काढला आणि दोन्ही देऊन टाकले. वैजनाथरावांनी कोणता छापून घेतला, ते विचारायची गरज नव्हती.

गुरुवारी वॉर्ड ऑफिसचे साहेब आले. मनकर्णाबाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"आत या की," वैजनाथराव म्हणाले.

"नगं. तुमच्या भिंतीला अजून एक चीर पडायची. तिचाबी दावा लावाल माझ्यावर."

"ऐकलंत साहेब? ही भाषा."

"भाषा माझी, पाणीबी माझंच! माझ्या खोल्यांतली पोरंबाळं त्याच पाण्यावर हाईत. बोअर बंद केला तर त्येंनी जायचं कुठं? तुमच्या घरी?"

साहेब छापलेला फोटो हातात घेऊन एकदा भिंतीकडं, एकदा फोटोकडं बघत होते. "फोटो स्पष्ट आहे," ते म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "तूर्त बोअर बंद ठेवायचा शेरा मारतो."

"साहेब," वैदेही म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "तो फोटो मी काढलाय. जवळून काढलेला जोडलेला नाही."

"वैदेही, चहा टाक," वैजनाथराव म्हणाले.

तिनं कॅमेऱ्यातला फोटो साहेबांपुढं धरला आणि गुलाबी रेघेवर बोट ठेवलं. साहेबांनी चष्मा वर सरकवला. मग भिंतीपाशी जाऊन किल्लीच्या टोकानं भेग जरा खरवडली. त्यांच्या तळहातावर गुलाबी भुगा पडला.

"ही जुनी आहे," ते म्हणाले. पेनाला टोपण लावून ते चहा न घेताच निघून गेले.

मनकर्णाबाई मात्र उंबऱ्यातून हलल्या नाहीत.

"कवा कळलं तुला हे?" त्यांनी वैदेहीला विचारलं.

"रविवारी."

"रविवारी! आन् आज बोलतीस? माझ्या दोन भाडेकरूंनी ह्या भ्यानं सामान हलवलं. तवा तोंडात काय मूग धरले व्हते?" वैदेही काही बोलणार, एवढ्यात त्यांनी हात झटकला. "पाण्यावर डोळा ठिवून बोलली असशील, तर इसरून जा. ह्या घरात माझा एक हंडा यायचा नाय."

त्या गेल्या. वैजनाथराव एव्हाना वर पोचले होते. खुर्च्या जिन्यावरून ढकलल्याचा आवाज आला. मिहिर उठला, पण वर न जाता अंगणातच घुटमळत राहिला.

वैदेही जिना चढली. दाराला कुलूप लागलं होतं. आत राहिलेलं तिकाटणं काचेतून दिसत होतं. "ते द्या," ती म्हणाली.

"त्याचं बघू. आधी माझ्या भिंतीला चिकटवलेली ती पट्टी काढ जा."

ती खाली आली. पट्टी सोलून काढताना मोतिया रंगाचा पोपडाही निघून आला. तो तिनं तसाच खाली पडू दिला. मग पायरीवर बसून तिनं क्लासच्या ग्रुपवर लिहिलं: रविवारी सकाळी सातला दौलताबादच्या पायथ्याशी जमायचं. ऊन डोक्यावर यायच्या आत काम उरकू. पाणी ज्यानं त्यानं आपलं आणावं.