सात वर्षं अकरा दिवस

लिफ्ट दुरुस्त करणारा तिचा नवरा तीन मार्चला सकाळी कामावर गेला, तो परत आलाच नाही. त्याला सात वर्षं अकरा दिवस झाले, तेव्हा ती सासूला घेऊन कोर्टात गेली. सात वर्षं पत्ता नसला की माणूस गेला असं कायद्यानं धरता येतं. पोरीला परदेशी शिकायला जायचं होतं, कागदांवर बापाची सही हवी होती. नाहीतर ती या वाटेला गेलीच नसती.

कारकून सज्जन होता. त्यानं दोन्ही तारखा एकाखाली एक मांडल्या, बोटांच्या पेरांवर महिने मोजले आणि मुदत भरल्याचं सांगितलं. मग प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं: या काळात त्याची काहीही खबरबात घरच्यांना मिळालेली नाही. तिनं सही केली आणि पेन सासूकडे सरकवलं.

सासू पेन नुसतंच धरून बसली. म्हातारीला दिसत नसेल म्हणून सुनेनं सहीच्या जागी बोट ठेवलं.

"ही तारीख नाही," सासू म्हणाली. "त्याच सालची बावीस जुलै धरा."

"त्या दिवशी काय झालं, आजी?" कारकुनानं विचारलं.

"त्याचा फोन आला होता."

सून तेव्हा शिवलेले कपडे पोचवायला गेली होती. तो दोनच मिनिटं बोलला. बरा आहे, परत येणार नाही, शोधू नका. बायकोला कळू देणार नाही अशी आईकडून शपथ घेतली. त्यानंतर पुन्हा कधी फोन आला नाही.

कारकुनानं नवा कागद घेतला. सहा वर्षं, सात महिने, वीस दिवस. चार महिने आठ दिवस कमी पडत होते. ते त्यानं खाली मान घालूनच सांगितलं.

सुनेचं लक्ष नव्हतं. ती वेगळाच हिशेब करत होती.

"आई, कालव्यातलं प्रेत ओळखायला आपण त्याच ऑगस्टमध्ये गेलो होतो ना?"

"हो."

"म्हणजे तो नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं."

सासूनं मान हलवली.

"मला ओकारी आली, तुम्ही माझी पाठ चोळत होतात."

"तुला एकटीला कसं जाऊ दिलं असतं?" सासू म्हणाली. "शपथ मोडली तर तो पुन्हा फोन करणार नाही, असं वाटायचं गं."

कारकुनानं तो कागद बाजूला ठेवला. मग त्यानं समजावलं, की नवरा सोडून गेला असा वेगळा अर्ज करता येतो, पोरीचे कागद त्यावरही होतील, आणि त्यासाठी लागणारी मुदत तर केव्हाच भरली आहे. तिनं तो अर्ज मागून घेतला. सात वर्षं ती लोकांना 'हरवलाय' म्हणत आली होती. आता कारणाच्या रकान्यात तिनं स्वतःच्या हातानं 'सोडून गेला' असं लिहिलं. दोनच शब्द, पण तिला मध्ये थांबावं लागलं.

दोघी घरी परतल्या. पोरीला मी सांगते, असं सासू जिन्यात म्हणाली. सुनेनं नको म्हटलं आणि घरात शिरल्या शिरल्या स्वतःच सगळं सांगून टाकलं. पोरगी भिंतीला टेकून ऐकत राहिली. मग आजीकडे वळली.

"माझ्याबद्दल काही विचारलं त्यांनी?"

"विचारलं ना," आजी म्हणाली. "कितवीत गेली, विचारलं."

पोरगी रडू लागली. सुनेनं सासूच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हे म्हातारीनं आत्ताच रचलंय, हे तिला कळलं, पण तिनं पोरीला तसंच रडू दिलं.