शंभर हजार डॉलर

"मॅडम, सकाळच्या हुंडीचं पाकीट उघडलंत का?" जाफरने काउंटरच्या काचेवर दोन्ही हात टेकले. मसाला मार्केटपासून बँकेपर्यंत तो जवळजवळ पळतच आला होता. दम लागला होता, पण घाम काही नुसता पळण्याचा नव्हता.

ईश्वरी मॅडमनी कागद पुढे सरकवला. "हे काय केलंत, जाफरभाई? वन लॅक ट्वेल्व्ह थाउजंड?"

जाफरच्या शेठचे मिरचीचे सात कंटेनर कोलंबोला निघालेले. सकाळी हुंडी, म्हणजे घेणाऱ्याकडे पैसे मागायचा कागद, टाइप करताना त्याने फक्त डॉलर लिहून चालणार नाही म्हणून यूएस तीनदा तपासलं. अन् अकरा वर्षांच्या सवयीने बोटांनी लाख टाइप केला. स्वल्पविरामसुद्धा आपल्या पद्धतीचा, एकाच्या पुढे. जेवताना कार्बन कॉपी चाळली तेव्हा ते दिसलं, आणि घास तसाच राहिला.

"चालून जाईल का?"

"तिकडच्या बँकेला लाख म्हणजे काय ते माहीत नाही. वन हंड्रेड ट्वेल्व्ह थाउजंड पाहिजे. भाव पडलाय ना मिरचीचा? पैसे द्यायचे टाळायला घेणारा कागदातली खोटच शोधत असणार. एकदा पैसे अडकले की बसा मग." मॅडमनी आवाज खाली आणला. "खाडाखोड नको. नवी टाइप करा, शेठची सही आणा. तीनला टपालाची बॅग जाते."

दोन वाजले होते.

ऑफिसात त्याने टाइप केलं. टाइपरायटरवर बोटं चुकत होती, दोन कागद फुकट गेले. या वयात दुसरीकडे कोण ठेवणार आपल्याला? आता तर पोरं कॉम्प्युटर शिकून येतात. नंदकिशोर शेठला इंग्रजी वाचता येत नव्हतं. 'बँकेला जादा कॉपी पाहिजे' एवढं म्हटलं की काम झालं असतं. वाक्य जिभेवर आलंही होतं.

"सकाळी केली ना सही?" शेठ म्हणाले.

"माझी चूक झाली, शेठ. लाख लिवला मी. त्यांच्यात लाख नसतो. शंभर हजार लिवायचं."

"नाय पकडलं असतं तर?"

"सात कंटेनर अडकले असते."

शेठनी पेन उघडलं. अकरा वर्षं जाफर बोट ठेवेल तिथे त्यांनी सही केली होती. पेन पुन्हा बंद झालं.

"अभिराम!" त्यांनी पुतण्याला हाक मारली. "वाच बरं हे. मोठ्यानं."

अभिराम एकेक शब्द वाचत गेला. जाफर टेबलासमोर उभा होता. आपलेच शब्द आज पहिल्यांदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होता. शेवटी शेठनी सही केली.

"रिक्षा कर. पळ."

तीनला दहा मिनिटं कमी असताना कागद मॅडमच्या हातात पडले.

दुसऱ्या दिवशी त्याने सकाळचं पहिलं पत्र टाइप केलं, उचललं, आणि शेठच्या टेबलावरून पुढे जाऊन अभिरामसमोर वाचायला ठेवलं. तसं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

शेठनी पाहिलं, त्याला अडवलं नाही, आणि वाजणारा फोन उचलला.