उशीवरून दिसणारी खोली

तिने चादरीचा शेवटचा कोपरा गादीखाली दुमडला, तळहाताने सुरकुती काढली आणि चपला काढून चक्क पलंगावर आडवी झाली. खोल्यांची देखरेख करणाऱ्या मावशींचा तसा दंडकच होता. आवरणारा खोली उभ्याने बघतो, पाहुणा मात्र झोपून बघतो. म्हणून काम झालं की उशीला डोकं टेकायचं, छताला जळमट आहे का, ऊन डोळ्यांवर येतंय का ते पाहायचं आणि उठून चादर पुन्हा ताणायची.

आज शाळेच्या बाई गुण द्यायला येणार होत्या. गणिताने तिला दोनदा पाणी पाजलं होतं. हॉटेलातल्या या कामाचे गुण त्या जागी धरले जाणार होते, पण आज पाचच्या आत ते शाळेत कळवले तरच. नाहीतर पुढच्या वर्षी धाकटा भाऊ तिच्याच वर्गात येऊन बसला असता आणि त्या दिवट्याने तिला जन्मभर चिडवलं असतं.

बाई आल्या. मुलं त्यांना मागून ‘शिस्त’ म्हणत. सकाळपासून बेकऱ्या आणि खानावळी पालथ्या घालून, मुलांची कामं तपासून त्या दमल्या होत्या, पण चेहऱ्यावर दाखवतील तर शपथ. त्यांनी खिडकीवरून बोट फिरवलं, नळ सोडून पाहिला, कपाट उघडलं.

“बाई, पलंगावरून पण बघायचं असतं,” ती चाचरत म्हणाली. “मावशींची पद्धत आहे.”

“मी झोपू?”

“त्याशिवाय खोली तपासली असं होत नाही इथे.”

बाईंनी दार लोटलेलं आहे ना ते पाहिलं, चपला काढल्या आणि पाठ टेकली.

“छत स्वच्छ आहे,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “पडदा...” आणि पुढचं वाक्य आलंच नाही.

पांढरा पडदा फुगत होता, ओसरत होता. त्यातून गाळून आलेला उजेड भिंतींवर संथ हलत होता, सगळी खोलीच जणू पाण्यावर होती. बाईंच्या कपाळावरची कायमची आठी सुटली होती. आठी नसताना त्या कुणाची तरी मुलगी दिसत होत्या.

दार किलकिलं करून मावशींनी डोकावलं. “काय गं, किती दिले?”

“झोप लागली त्यांना.”

“शिस्तीला?” मावशींनी तोंडावर हात धरला. मग त्यांचं हसू मावळलं. “अगं, पाच वाजत आले. उठव. वर्ष जाईल तुझं.”

“उठवते.”

मावशी गेल्या. ती पलंगाशी वाकली. तिने बाईंच्या खांद्याकडे हात नेला.

“पाचच मिनिटं गं आई,” बाई डोळे न उघडता म्हणाल्या. “मग बसते अभ्यासाला.”

हात तिथेच थांबला. खालच्या दालनातलं घड्याळ पाचचे ठोके देऊ लागलं. तिला रडू आलं, स्वतःचा रागही आला, पण हात काही पुढे जाईना. शेवटी तिने पायाशी घडी घातलेलं पांघरूण उलगडलं आणि बाईंच्या खांद्यांपर्यंत ओढलं.

“झोप,” ती हळूच म्हणाली. “मी उठवीन तुला.”