हरिचंद्राच्या दाताची रबरी ढाल

मी एक जुनी ढाल आहे, मित्रांनो. लढाईबिढाईतली नाही, दातांची. लाल रबराची. आणि छाती ठोकून सांगते, मी तोंडात असताना हरिचंद्राचा एकही दात पडला नाही. पडला तेव्हा मी त्याच्या चड्डीच्या खिशात होते, अर्ध्या पिळलेल्या लिंबाशेजारी.

त्या माणसाचं नाव काढलं की माझं रबर अजून आखडतं.

हरिचंद्र अंबरनाथच्या हुतूतू संघाचा कप्तान. त्रेपन्न साली सामन्यात कुणाची तरी टाच बसली आणि त्याचा समोरचा दात हलायला लागला. नेमकं त्याच आठवड्यात बदलापूरच्या महिपतीने त्याला जावई म्हणून पसंत केलं होतं. का? तर ‘पोराचं दात बगा, मोती!’ साखरपुडा सोमवारी, आणि बदलापूरकरांशी सामना आदल्याच दिवशी.

हरिचंद्राची आई ठमाबाई म्हणाली, “मोती सोमवारपरत टिकव रं. मंग सगली बत्तिशी पाड, मी इचारनार नाय.”

म्हणून स्वारी उल्हासनगरला गेली, कॅम्प तीनला. तिथे कराचीहून आलेल्या दयालदास डॉक्टरांनी बराकीतल्या एका खोलीत दातांची खुर्ची मांडली होती. त्यांनी तोंडात डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“साईं, लिंबू-सोडा कितना पीता है?”

“दिवसाला चार बाटल्या. ताकद येते.”

“और बाद में?”

“लगेच राखुंडीने घासतो. खसाखसा.”

“अरे बाबा! खट्टा दात को नरम करता है, और ऊपर से तू घिसता है. काच झाला आहे, काच! सोडा बंद. पियेगा तो पानी से कुल्ला कर, राखुंडी एक घंटे बाद.” मग हलणारा दात सामन्यात वाचावा म्हणून ढाल करायला त्यांनी चावायला मेण दिलं, दातांचा साचा घेतला आणि विचारलं, “कौन सा खेल? बॉक्सिंग?”

बाहेर बाकावर हरिचंद्राच्या कारखान्यातले दोन साहेब बसले होते. त्यांच्यादेखत हुतूतू म्हणायची या शहाण्याला लाज वाटली.

“बॉक्शिंगच,” तो म्हणाला.

झालं! मी जन्मले ती चपलेच्या तळव्याएवढी जाड. बॉक्सिंगमध्ये बोलावं लागत नाही, मित्रांनो. हुतूतूत चढाईला गेलेल्याला एका दमात ‘हुतूतू’ घुमवत राहावं लागतं. आवाज तुटला की बाद.

डॉक्टरांनी मला साध्या पाण्यात ठेवायला सांगितलं होतं. हरिचंद्राने ठेवलं लिंबू-सोड्यात. म्हणे, रबरालाही ताकद येऊ दे! मग तेच आंबट रबर दातांवर चढवून तो तासन्‌तास फिरायचा आणि वर ओरडायचा, “आये, दात आंबले! त्या सिंध्याने फशवलान मना!” मी आत घुसमटत होते. चावता आलं असतं तर चावले असते.

रविवारी मला घालून तो पहिल्या चढाईला गेला. तोंडातून हुतूतूच्या जागी नुसतं ‘हुं हुं हुं’. पंच ओरडला, “म्हशीवानी हंबरतंय! दम तुटला, बाद!” अख्खं बदलापूर लोळून लोळून हसलं.

हरिचंद्राने मला उपटून खिशात कोंबलं. अरे, चढाईला नको तर नको, निदान त्यांची चढाई अडवायला उभा राहताना तरी घाल! तेव्हा कुठे बोलायचं असतं? पण खिशातलीचं कोण ऐकतं. दोन टाचा, एक कोपर आणि स्वतःचाच गुडघा खाऊनही त्याचा दात टिकला. माझ्याशिवाय! असा अपमान दुश्मनाचाही होऊ नये.

अंबरनाथ जिंकलं. हरिचंद्राने गोटी सोड्याची बाटली तोंडाला लावली आणि त्याच्याच संघातल्या जयदेवने मागून पाठीवर थाप मारली, “वाघ हाय माजा वाघ!” बाटलीचं तोंड दातावर आपटलं. झिजून काच झालेला दात, तो कट्‌कन मोडला आणि सोड्यात बुडाला.

तेव्हा मित्रांनो, खेळाल तेव्हा माझ्यासारखी ढाल खिशात नाही, तोंडात ठेवा. कोणता खेळ खेळता ते खरं सांगून करून घ्या. आंबट कमी प्या, प्यायलात तर पाण्याने चूळ भरा, लगेच घासू नका. हरिचंद्राकडून एवढं जरी शिकलात, तरी त्या गाढवाचा जन्म कारणी लागला.

सोमवारी ठमाबाईने त्याला बजावलं, “त्वांड मिटून बस. हसलास तं तंगडी मोडीन.” फट बुजवायला हरिचंद्राने मलाच तोंडात बसवलं. पण एक दात कमी, मी खुळखुळत होते. मोती जवळून बघावेत म्हणून महिपती हातात लिंबाच्या सरबताचा पेला घेऊन पुढे वाकला.

“जावयबापू, नाव सांगा.”

हरिचंद्राने नाव सांगायला तोंड उघडलं. मी सरबतात पडले.